बाळाची झोप आणि जागणारे हात : निद्राविषयक सल्लासाहित्याची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने कथा, कादंबरी, कविता, नाटक आणि आत्मचरित्र या प्रकारांची जेवढी चिकित्सा केली आहे, तेवढी सल्ला देणाऱ्या पुस्तकांच्या वाट्याला आलेली नाही. पाककृती, आरोग्य, बालसंगोपन या विषयांवरील पुस्तके ग्रंथालयात 'उपयुक्त' या शिक्क्याखाली जातात आणि त्या शिक्क्यामुळेच वाङ्मयीन प्रश्नांपासून सुटतात. वस्तुतः या पुस्तकांनाही निवेदक असतो, गृहीत धरलेला वाचक असतो, प्रतिमा असतात. काय सांगावयाचे आणि काय गाळावयाचे याची निवडही असते. त्यातही तान्ह्या बाळाच्या झोपेविषयीचे पुस्तक हा प्रकार विशेष लक्ष वेधून घेतो. ते उघडणारा वाचक पुष्कळदा रात्री दोन-अडीच वाजता, एका हाताने बाळ सावरीत, दुसऱ्या हाताने पाने उलटीत असतो. कित्येक रात्रींचे जागरण डोळ्यांवर असलेला हा वाचक मजकुराशी वाद घालण्याच्या स्थितीत नसतो. त्याच्या वतीने तो वाद दिवसाउजेडी कोणीतरी घालणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात अमेरिकन बालरोगतज्ज्ञ डॉ. रिचर्ड फर्बर यांचा 'सॉल्व्ह युवर चाइल्ड्स स्लीप प्रॉब्लेम्स' (१९८५) हा ग्रंथ केंद्रस्थानी ठेवला आहे आणि त्याच्या शेजारी आपल्याकडील वैद्यकग्रंथ, एक पुराणकथा व बाळंतपणाची मराठी रीत ठेवली आहे. पाश्चात्त्य श्रेष्ठ की पौर्वात्य, असा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. तो निवाडा बहुधा आधीच ठरलेला असतो व पुरावे नंतर गोळा केले जातात. सर्व मजकुरांना येथे एकच प्रश्न विचारला आहे : बाळाला झोपविण्याच्या या मजकुरात जागे कोण आहे, आणि त्या जागण्याची नोंद मजकूर घेतो काय?

परंपरा : प्रश्नोत्तरीपासून दिलाशापर्यंत

फर्बर यांचा ग्रंथ एकाएकी अवतरलेला नाही. ल्यूथर एमेट होल्ट यांचे 'द केअर अँड फीडिंग ऑफ चिल्ड्रन' हे पुस्तक १८९४ साली प्रसिद्ध झाले. ते माता आणि दाया यांच्यासाठी प्रश्नोत्तरीच्या रूपात लिहिले होते, आणि हे रूप धर्मशिक्षणाच्या पुस्तिकांमधून आलेले आहे. या रूपात प्रश्न विचारणाऱ्याला उलटप्रश्नाची मुभा नसते. बाळाला झोके देऊन निजविणे ही अनावश्यक सवय होय, असा निर्णय होल्ट देतात. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मधील आपल्या पुस्तकात याच शिस्तीला मानसशास्त्राची वस्त्रे चढविली आणि मुलांचे पापे घेण्याऐवजी सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे इथपर्यंत मजल मारली. १९४६ साली डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे पुस्तक आले. आईवडिलांनी स्वतःच्या जाणतेपणावर विश्वास ठेवावा, असा दिलासा देणारा त्यांचा सूर सर्वस्वी वेगळा होता. परंतु झोपेला सतत विरोध करणाऱ्या बाळाबाबत त्यांचाही सल्ला, प्रेमाने निरोप घेऊन खोलीबाहेर पडावे आणि परत जाऊ नये, असाच आहे. सूर मवाळ झाला तरी बंद दार कायम राहिले. हे दार सल्ल्याच्या आधीचे आहे, कारण बाळासाठी स्वतंत्र खोली आहे हे या सर्व पुस्तकांत गृहीतच धरलेले आहे.

फर्बर यांचा युक्तिवाद

फर्बर बॉस्टन येथील बालरुग्णालयात मुलांच्या निद्राविकारांच्या केंद्राचे संचालक होते. त्यांच्या ग्रंथाविषयी 'बाळाला रडत ठेवा' एवढीच ख्याती पसरली असली तरी ती ग्रंथावर अन्याय करणारी आहे. रात्रीची भीती, झोपेत चालणे, अंथरूण ओले करणे, झोपेतील श्वसनाचे अडथळे अशा अनेक विषयांचे विवेचन त्यात आहे. झोपेचे टप्पे, त्यांची आवर्तने, दोन आवर्तनांच्या सांध्यावर येणारी क्षणिक जाग यांची उकल इतक्या स्वच्छ भाषेत सर्वसामान्य वाचकापुढे क्वचितच आली असेल. प्रौढ माणसाचे निद्रेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते, तर तान्ह्या बाळाचे सुमारे ५० मिनिटांचे. म्हणजे रात्रीतून वारंवार जागे होणे हा बाळाचा दोष नव्हे. आपणही जागे होतो, फक्त ते आपल्या स्मरणात राहत नाही. 'माझ्याच बाळाला काय झाले आहे?' या प्रश्नाने घेरलेल्या आईला एवढा परिच्छेदही फार मोठा आधार वाटू शकेल.

ग्रंथाचा मध्यवर्ती विचार मात्र यापुढचा आहे. बाळ ज्या परिस्थितीत झोपी जाते, ती परिस्थिती झोपेशी जोडली जाते. मांडीवर, खांद्यावर किंवा झोक्यात निजलेले बाळ मध्यरात्री जागे झाले की तीच मांडी, तोच खांदा मागते. म्हणून त्याला जागेपणीच पाळण्यात ठेवावे, आणि रडल्यास ठरावीक व वाढत्या अंतराने थोडा वेळ आत जाऊन धीर द्यावा, परंतु उचलू नये. यासाठी ग्रंथात मिनिटांचा तक्ता दिलेला आहे. २००६ च्या सुधारित आवृत्तीत पहिल्या रात्री ही अंतरे ३, ५ व १० मिनिटांची आहेत. पुढील रात्री ती वाढत जातात. ही रीत नवजात बाळासाठी नाही, काही महिन्यांच्या बाळासाठी आहे, हेही येथेच नोंदविले पाहिजे. पुस्तकाची ख्याती ऐकून ती आरंभिणारे या अटीपर्यंत पोचत नाहीत, असे दिसते.

या तक्त्याचे वाङ्मयीन कार्य पाहण्यासारखे आहे. थकलेल्या माणसाला विचार नको असतो, कोष्टक हवे असते. कोष्टकामुळे निर्णयाचा भार घड्याळावर पडतो. दाराबाहेर उभ्या असलेल्या आईच्या मनातील घालमेल 'अजून दोन मिनिटे' या मापात बसविली जाते. आपल्याकडील बाळगुटीचे 'वेढे' हेही असेच कोष्टक होते. सहाणेवर मुरडशेंग किती वेढे, वेखंड किती, आणि झोप लागावी म्हणून जायफळ किती, हे घरातील वडीलधारी बाई सांगे आणि नवी आई ते निमूटपणे उगाळी. बाळाच्या पोटात पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही जाऊ नये, या आजच्या वैद्यकीय मताने गुटी मागे पडली आहे आणि ते योग्यच झाले. परंतु हाती माप असल्याने मन शांत होते, ही गुटीची बाजू फर्बर यांच्या तक्त्यात जशीच्या तशी उतरली आहे.

उशीची उपमा

ग्रंथातील सर्वांत प्रभावी स्थळ म्हणजे उशीचे उदाहरण होय. फर्बर वाचकाला कल्पना करावयास सांगतात की, आपण मध्यरात्री जागे झालो आणि आपली उशी नाहीशी झालेली आहे. आपण चाचपडू, उठून बसू, दिवा लावू, चिडू. नेहमीप्रमाणे कूस पालटून पुन्हा झोपणार नाही. ज्या बाळाला कुशीत निजवून मग हलकेच पाळण्यात ठेवले, त्याची अवस्था जाग आल्यावर अशीच होते. उपमा समर्पक आहे. बाळाच्या रडण्याला 'हट्ट' न म्हणता त्यामागील गोंधळ ती वाचकाला अनुभवावयास लावते. होल्ट-वॉटसन यांच्या तुलनेत ही मोठीच सहृदयता आहे.

परंतु उपमा केवळ साम्य दाखवीत नाही, ती नात्यांची मांडणीही करते. या मांडणीत बाळ हे झोपणाऱ्या माणसाच्या जागी आहे आणि आई उशीच्या जागी. उशीला पाठ नसते, तिची पाठ दुखत नाही. तिला सकाळी साडेसातची लोकल गाठावयाची नसते. जिच्या थकव्यासाठी पुस्तक लिहिले गेले, ती आई पुस्तकाच्या सर्वांत जिवंत प्रतिमेत निर्जीव वस्तू होऊन येते. ग्रंथात आईवडिलांच्या थकव्याचा उल्लेख नाही असे नव्हे. तो अनेकवार येतो, सहानुभूतीनेही येतो. तथापि तो सल्ल्याचे कारण म्हणून येतो, सल्ल्याचा विषय म्हणून येत नाही. बाळ झोपले की आई झोपेल, या एका गृहीतकावर सर्व मदार आहे. आईच्या झोपेपर्यंत पोचण्याचा दुसरा मार्गही असू शकतो : बाळ जागेच राहील आणि आई झोपेल, कारण त्या वेळी दुसरे कोणी जागे असेल. ही शक्यता फर्बर यांच्या युक्तिवादाचा पाया होत नाही. बंद खोलीच्या घरात 'दुसरे कोणी' फार तर एक असते.

संशोधनाची साक्ष

वाङ्मयीन चिकित्सा करताना वैद्यकीय पुराव्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती भरपूर झाली आहे. २०१२ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाचा पाच वर्षांनंतरचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. तान्हेपणी अशा पद्धतीने झोपेची सवय लावलेल्या मुलांमध्ये सहा वर्षांच्या वयात कोणतीही हानी आढळली नाही. कायमचा लाभही आढळला नाही. २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात आलेला एक छोटा प्रयोग, केवळ ४३ बाळांचा, तणावाच्या संप्रेरकात किंवा आईशी असलेल्या बंधात वाईट फरक दाखवीत नाही. याउलट २०१२ सालच्याच एका अभ्यासात रडणे थांबल्यानंतरही बाळांच्या शरीरातील त्या संप्रेरकाची पातळी उतरली नाही असे दिसले. पण तो अभ्यास २५ बाळांचा होता. एवढ्या पुराव्यावर फर्बर यांच्या रीतीला क्रूर म्हणता येत नाही आणि अनिवार्यही म्हणता येत नाही.

अधिक महत्त्वाचा वाटतो तो २०१८ सालचा कॅनडातील अभ्यास. त्यात सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के बाळे सलग सहा तास झोपत नव्हती आणि बारा महिन्यांची झाल्यावरही सुमारे २८ टक्के बाळांची तीच स्थिती होती. सलग न झोपण्याचा मुलांच्या वाढीशी किंवा आईच्या मनःस्थितीशी संबंध त्या अभ्यासात आढळला नाही. 'रात्रभर झोपणे' हा ज्याला आपण नियम समजतो, तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बाळांना लागू नसेल, तर नियमाचीच फेरतपासणी व्हावयास हवी.

परंतु याचा अर्थ असाही नव्हे की, बाळाला शेजारी घेऊन झोपणाऱ्या समाजांत हा प्रश्नच नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ देश व प्रदेशांतील २९,२८७ बाळांच्या पाहणीत भारताचाही समावेश होता. मुलाला स्वतःच्या अंथरुणात घेऊन झोपणाऱ्या पालकांचे प्रमाण न्यूझीलंडमध्ये सहा टक्क्यांच्या आत, तर व्हिएतनाममध्ये ८३ टक्के होते. आपल्या मुलाला झोपेची समस्या आहे असे मानणाऱ्या पालकांचे प्रमाण मात्र थायलंडमध्ये ११ टक्के आणि चीनमध्ये ७६ टक्के निघाले. थायलंड व चीन हे दोन्ही देश आशियातीलच. तेव्हा 'आमच्याकडे बाळे कुशीत झोपतात, म्हणून आमच्याकडे सुख आहे' हे विधान आकड्यांपुढे टिकत नाही. व्याख्यानांतून आणि वृत्तपत्रीय पुरवण्यांतून ते वारंवार ऐकू येते, म्हणून येथे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

आपल्याकडील मजकूर

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बाळासाठी करावयाच्या घराचे, त्याच्या अंथरूण-पांघरुणाचे, खेळण्यांचे वर्णन आहे. खेळणी रंगीत, वाजणारी, हलकी असावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाणारी नसावीत, हे वाचताना आजचेच सुरक्षिततेचे नियम वाचीत आहोत असे वाटते. बाळ रडत असेल किंवा खात नसेल तरी राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असेही तेथे बजावले आहे. सुश्रुत तर निजलेल्या बाळाला एकदम जागे करू नये, ते दचकेल, असे सांगतो. बाळाच्या बाजूने पाहणारी ही दृष्टी निःसंशय कोवळी आहे. पण आपला प्रश्न येथेही विचारला पाहिजे. या घरात जागे कोण आहे? दूध पाजणारी धात्री आहे. तिच्या निवडीचे निकष, तिचा आहार, तिच्या दुधाची परीक्षा यांचे तपशीलवार विवेचन आहे. तिच्या झोपेविषयी असे विवेचन नाही. तिचे स्वतःचे मूल त्या वेळी कोणापाशी होते, हा प्रश्न तर ग्रंथाच्या कक्षेतच येत नाही. फर्बर यांच्या ग्रंथात आई उशी होते. येथे धात्री दुग्धपात्र होते. दोन हजार वर्षांच्या अंतरावरील या दोन वैद्यकीय मजकुरांची ही जवळीक विचार करावयास लावणारी आहे.

मार्कंडेय पुराणातील मदालसा हे याहून वेगळे उदाहरण. तिचा पहिला मुलगा रडतो तेव्हा ती त्याला तू शुद्ध आहेस, हे नाव आणि हा देह तू नव्हेस, असे समजावते. भारतीय परंपरेतील ही बहुधा सर्वांत कीर्तिमान अंगाई. तिचा हेतू मात्र निजविण्याचा नसून जागविण्याचा आहे. तीन मुलगे अशा उपदेशाने विरक्त झाल्यावर चौथ्याला, अलर्काला, राजधर्म शिकवावा असे तिचा पती तिला सांगतो. रडणाऱ्या बाळाला नेमके काय ऐकवावे याविषयी पती प्रथम तोंड उघडतो ते वंशाचा प्रश्न उभा राहिल्यावर. पुराणकार हे सहजपणे सांगून जातो. आजच्या वाचकाला त्यात पुष्कळ काही ऐकू येईल.

मराठी लोकरीतीत मात्र जागणाऱ्या हातांची जाणीव अधिक आहे, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत, सव्वा महिन्याची विश्रांती, तेल लावून न्हाऊ घालणारी बाई, न्हाणे-शेक-धुरी झाल्यावर बाळाला लागणारी गाढ झोप आणि त्याच वेळी बाळंतिणीला 'तूही पड' असे सांगणारी आई, या साखळीत बाळाची झोप आणि आईची झोप एकाच वेळापत्रकात बांधलेल्या आहेत. बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देत फिरवितात आणि मग आत्या कानात नाव सांगते. नाव ठेवण्यापूर्वीच बाळ अनेक हातांतून जाते, हे या विधीतील नाट्य लक्षणीय आहे. कुटुंब येथे जणू जाहीर करते की, हे ओझे एकटीचे नाही. विधी संपल्यावर, पाहुण्या बाया घुगऱ्या घेऊन गेल्यावर, रात्री तीन वाजता या जाहीरनाम्याचे काय होते, हा प्रश्न अर्थातच उरतो.

त्याचे एक उत्तर पाळण्याच्या दोरीत आहे. पाळण्याला किंवा लुगड्याच्या झोळीला बांधलेली दोरी आई हाताने, आणि हात कामात असतील तर पायाच्या अंगठ्याने ओढते. धान्य निवडणे चालू असते, झोकाही चालू असतो. पाळण्याची दोरी धरणारी जगाचा उद्धार करते, हे वचन आपल्या सभा-समारंभांत हमखास येते. याच आशयाची विल्यम रॉस वॉलेस या अमेरिकन कवीची कविता १८६५ सालची आहे. तिकडील असो वा इकडील, हे वचन दोरीला राजदंड करते आणि ती ओढणारा हात किती तास जागा आहे, हे विचारीत नाही. जात्यावरच्या ओव्या याबाबत अधिक प्रामाणिक वाटतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित करविल्या. या ओव्यांची वेळ पहाटेची. घर निजलेले, बाळ निजलेले, आणि दळणारी जागी. बाळाविषयीच्या कितीतरी ओव्या ते झोपलेले असताना रचल्या व गायिल्या गेल्या असतील. अंगाई बाळाला ऐकविण्यासाठी असते. ओवी जागणाऱ्या बाईने स्वतःला ऐकविलेली असते. अंगाई आणि ओवी यांना 'स्त्रीगीते' या एकाच शीर्षकाखाली घालणाऱ्या आपल्या अभ्यासक्रमांनी हा फरक पुसून टाकला आहे.

अफूची गोळी

लोकरीतीचे गुणगान येथेच थांबविणे सोयीचे झाले असते. परंतु हे हात नाहीसे होतात तेव्हा काय घडते याचा इतिहास आपल्याच राज्यात आहे. कोकण-घाटावरून मुंबईच्या कापड गिरण्यांत आलेल्या स्त्रियांचे माहेर, सासू, शेजार मागे राहिले. दिवसभर खात्यात उभे राहावयाचे, आणि तान्हे बाळ चाळीतील खोलीत कोणा म्हाताऱ्या शेजारणीपाशी किंवा थोरल्या मुलीपाशी ठेवावयाचे. अशा बाळांना अफूची 'बाळागोळी' देऊन झोपविले जाई. १९२० च्या दशकातील पाहण्यांत याची नोंद आहे आणि भारतातील कामगारांविषयीच्या शाही आयोगाच्या १९३१ च्या अहवालानेही याची दखल घेतली. इंग्लंडमधील गिरणगावांत एकोणिसाव्या शतकात 'गॉडफ्रीज कॉर्डिअल' नावाचे अफूमिश्रित औषध याच कामासाठी वापरले जात होते.

या मातांना तत्कालीन सुधारकांनी अडाणी म्हटले. त्या अडाणी नव्हत्या, त्या थकलेल्या होत्या, आणि त्यांच्यापाशी जे माप होते ते गोळीचे होते. या गोळीने किती बाळे दगावली, किती खंगली, याचे दुःख कमी न करता असे म्हणता येईल की, बाळाच्या झोपेच्या प्रश्नाला मजुरीचा, कामाच्या तासांचा व घरातील माणसांच्या संख्येचा संदर्भ असतो, हे गिरणगावाने जितके उघडेपणाने दाखविले तितके कोणत्याही संगोपनग्रंथाने दाखविलेले नाही. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला, तो याच काळात.

आजचा मजकूर, आजचे घर

आज सुरक्षित झोपेविषयीचा सर्वांत प्रभावी मजकूर अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या संस्थेचा आहे. २०२२ च्या शिफारशींनुसार बाळाला उताणे, घट्ट व सपाट पृष्ठभागावर, उशी-दुलईविना निजवावे. किमान सहा महिने पालकांच्याच खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर. १९९० च्या दशकात उताणे निजविण्याचा प्रचार सुरू झाल्यावर अमेरिकेत बाळांचे झोपेतील आकस्मिक मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, ही सल्लासाहित्याची फार मोठी कमाई आहे. आपली लाडकी झोळी या कसोटीवर उतरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तिच्यात बाळाची मान वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. परंपरेच्या प्रेमापोटी हे दडविणे म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ होय.

या संस्थेच्या २०१६ च्या शिफारशींत एक जागा आहे, जिच्याकडे समीक्षकाने थांबून पाहावे. बाळाला घेऊन एका अंथरुणात झोपू नये असे सांगितल्यावर तेथे असेही म्हटले आहे की, रात्री पाजताना डोळा लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजण्यापेक्षा पलंगावर पाजणे कमी धोक्याचे आहे. पाजणारी आई येथे उशी नाही, दुग्धपात्र नाही, जगाचा उद्धार करणारीही नाही. तिला झोप येऊ शकते. नियम मोडला जाईल हे मजकुराला ठाऊक आहे आणि मोडणाऱ्याला दोष न देता तो कमी धोक्याची जागा दाखवितो. शंभराहून अधिक वर्षांच्या या साहित्यप्रकारात वाचकाच्या पापण्या जड झालेल्या आहेत हे ओळखून लिहिलेली अशी स्थळे थोडीच सापडतील.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी घरांत फर्बर आणि आजी यांची गाठ एकाच खोलीत पडते. बाळंतपणासाठी गेलेल्या आजीला तेथे राहण्याची मुदत साधारणतः सहा महिन्यांची मिळते. ती बाळाला खांद्यावर थोपटून निजविते, सून किंवा मुलगी म्हणते की त्याला ही सवय लागेल, आणि दोघींचेही बरोबर असते. आजी आहे तोवर सवय परवडते. आजी विमानात बसली की तक्ता काढावा लागतो. या घरातील वाद दोन संस्कृतींचा म्हणून सांगितला जातो. तो बराचसा माणसे मोजण्याचा आहे. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या सदनिकांतही तो तसाच आहे. फरक एवढाच की तेथे आजीच्या गुडघ्यांचे किंवा तिच्या स्वतःच्या नोकरीचे कारण पुढे येते.

या हिशेबात पित्याचे हात कोठे आहेत? फर्बर यांच्या तक्त्याप्रमाणे दाराआड कोणीही उभे राहू शकते. तत्त्वतः तो तक्ता स्त्री-पुरुष भेद करीत नाही, आणि या बाबतीत तो आपल्या बाळंतपणाच्या रीतीहून पुढे आहे. माहेरी गेलेल्या बाळंतिणीच्या नवऱ्याला आपली रीत पहिला सव्वा महिना पाहुणाच ठेवते. त्याला बाळाचे रडणे ओळखता येत नाही असे म्हणतात; ते शिकण्याच्या रात्री त्याच्या वाट्याला आलेल्या नसतात. केंद्र सरकारच्या सेवेतील पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. २०१७ मधील प्रसूतिलाभ कायद्याच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी मातेची रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची अट घातली. पित्याच्या रजेबद्दल ती दुरुस्ती काही बोलत नाही.

सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. त्या वयाच्या ३८ टक्के बाळांना सलग सहा तास झोप नसते, हा आकडा वर येऊन गेला आहे. रजेवरून परतलेली सहकारी आपल्या प्राध्यापक कक्षात पहिल्या तासिकेपूर्वी डोळे मिटून बसलेली असते, तेव्हा तिला तिच्या बाळाच्या झोपेविषयी पुष्कळ जण विचारतात. काल रात्री घरात आणखी कोण उठले होते, असे विचारण्याची पद्धत अद्याप नाही.